राव, जरा थांबा!

परवा एका लग्नाच्या पंगतीत गोव्याचा विषय निघाला. गोव्याचा विषय निघाला म्हणजे विनोद आलाच. 'गोव्यात भरदुपारी चोऱ्या का होत नाहीत? चोरसुद्धा झोपलेले असतात म्हणून!' पंगत हसली, मीही हसलो. शेजारच्या काकांनी जिलबी मोडता मोडता कोटी केली, 'अहो, नावातच आहे सगळं. एकदा गेलात की गोवले गेलात!' समोरच्या कॉलेजकुमाराने तिचं इंग्रजी करून टाकलं : आधी म्हणायचं 'गो', आणि पोचल्यावर म्हणायचं 'वा!'

अवघं ३,७०२ चौरस किलोमीटरचं राज्य, लोकसभेच्या जागा दोन. पण विनोद एवढे, की साऱ्या देशाला पुरून उरावेत. बँकेच्या नोकरीत १९८८ ते १९९१ अशी तीन वर्षं मी गोव्यात काढली. हे विनोद तेव्हा मीही सांगत असे. आपण कुठे बसून ते सांगतो आहोत, हे कळायला मात्र वेळ लागला.

सुरुवातीला माझीच फजिती झाली. रुजू झालो त्या आठवड्यात बाजारात गेलो, तर मासळी विकणारी एक बाई मला पाहून म्हणाली, 'राव, राव!' छाती फुगली. नव्या गावात चार दिवसांत आपण 'राव' झालो! नंतर शिपायाने हसू दाबत सांगितलं, 'सायबा, कोंकणीत राव म्हणजे थांब.' तिचं आधीचं गिऱ्हाईक व्हायचं होतं, एवढंच.

मग असे खड्डे पावलोपावली भेटू लागले. 'जाय' म्हटलं की मराठी माणूस उठून चालायला लागणार; पण तिथे 'जाय' म्हणजे हवं. 'नाका' म्हटलं की आपण जकात शोधणार. तिथे त्याचा अर्थ नको. हॉटेलातल्या पोऱ्याने 'उदक जाय?' असं विचारलं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पळी-पंचपात्र उभं राहिलं. तो बिचारा पाणी हवं का, एवढंच विचारत होता. आमच्या बँकेत उदक फक्त बुडीत कर्जावर सोडत!

या गमती मी सुट्टीत घरी आलो की रंगवून सांगे. लोक हसत आणि हमखास कुणीतरी म्हणे, 'म्हणजे नाकातून बोललेली मराठीच की!' त्यावरही हशा पिकत असे. हे वाक्य एकदा मी शाखेतल्या रोखपालासमोर बोलून गेलो. तो एरवी माझ्या प्रत्येक विनोदाला टाळी देणारा. त्या दिवशी त्याने फक्त नोटा मोजल्या. साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली ती १९७५ साली. ती राजभाषा झाली १९८७ साली, आणि त्याच वर्षी ३० मे रोजी गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला. ज्यासाठी माणसं रस्त्यावर उतरली होती, ती गोष्ट मी हसण्यावारी नेली होती.

आळसाच्या विनोदाचा हिशेब त्या मासळीवालीनेच चुकता केला. तोवर ती आमची खातेदार झाली होती. एकदा दुपारी पैसे भरायला आली आणि खिडकीशीच तिने भली मोठी जांभई दिली. मी म्हणालो, 'काय बाई, झोपायची वेळ झाली वाटतं?' ती शांतपणे म्हणाली, 'सायबा, फांतोडेर तूं खंय आशिल्लो?' पहाटे तू कुठे होतास? मी अर्थातच अंथरुणात होतो. ती धक्क्यावर होती. पाव भाजणारा पोदेर तर रात्र सरण्याआधीच भट्टीशी उभा असतो, सकाळचा फेरा संपवतो आणि संध्याकाळी पुन्हा सायकलवरून भोंगा वाजवत येतो. त्याने दुपारी दार लावून घेतलं, तर तो आळस कसा? 'सुशेगाद' या शब्दाचं मूळ पोर्तुगीजमध्ये आहे आणि त्याचा अर्थ निवांत, शांत असा आहे. त्याचा 'आळशी' केला तो आपण, सुट्टीवर गेलेल्यांनी. स्वतः वाळूत लोळत असताना दुसऱ्याला ऐदी म्हणायला धाडस लागतं! आमच्या शाखेतली निम्मी पासबुकं जहाजांवर आणि आखातात राबणाऱ्यांच्या पैशांवर जाड झाली होती.

गोवेकराला विनोदाचं वावडं आहे, असं मात्र कुणी समजू नये. स्वतःवर हसावं ते त्यानेच. त्याचं तियात्र १८९२ साली जन्मलं ते मुंबईत, पोटासाठी आलेल्या गोवेकरांमध्ये. त्यातल्या गाण्यांत पाद्री, भाटकार, पुढारी कुणाचीच गय होत नाही. लोटलीच्या मारिओ मिरांडांनी (१९२६–२०११) आपल्याच गावची ढेरपोटी, भांडखोर, सणात रमलेली माणसं जन्मभर काढली. त्या रेषा हसवतात, पण बोचत नाहीत. कारण काढणारा त्याच अंगणात उभा आहे.

माझ्या रोखपालाचा विनोदही मी विसरलेलो नाही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला ३४,०२१ मतांनी नकार दिला. तो म्हणाला, 'साहेब, तेव्हा आम्ही तुमच्यात विलीन झालो नाही, म्हणून दर शनिवारी-रविवारी तुम्ही आमच्यात विलीन होता!' मी खळखळून हसलो. नाकातल्या मराठीची परतफेड झाली होती, तीही व्याजासकट.

गोव्याच्या खाड्यांकाठी खाजन शेती आहे. खारं पाणी अडवायला बांध, आणि बांधात लाकडी झडपांचं दार. भरती चढली की तिच्याच रेट्याने झडप मिटते आणि खारं पाणी बाहेरच राहतं. ओहोटी लागली की आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. या दाराला तिथे 'मानस' म्हणतात. कोटी माझी नाही, भाषेनेच केलेली आहे. विनोदाचंही असंच असावं. आतून बाहेर आला तर शेत पिकतं. बाहेरून आत घुसला तर जमीन खारी होते.

पंगतीत मी हे काही बोललो नाही. लग्नात भाषण कोण ऐकतो? पण चोरांचा विनोद पुन्हा सुरू झाला, तेव्हा मी एवढंच म्हणालो, 'राव!' सांगणाऱ्याला वाटलं, मी त्याला मान दिला.