राहाता कोण, जाता कोण?

मागच्या आठवड्यात रात्रपाळी संपवून गोदीच्या गेटाबाहेर चहा पीत होतो. फोन वाजला. राहात्याहून चुलते.

नाना म्हणाले, "वतनाच्या तुकड्याला गिऱ्हाईक आलंय. रोडचा माणूस आहे, पैसा रोख देतो म्हणतो. तुझा अंगठा लागतोय."

मी म्हटलं, "नाना, मी मॅट्रिक झालोय. सही करतो मी."

नाना हसले नाहीत. म्हणाले, "मग सही कर. पण लवकर ये."

या अंकाचं संपादकीय साहित्यावर लिहायचं ठरलं होतं. अर्धं लिहूनही झालं होतं. ते फाडलं. कवितेवर पुढच्या अंकात भांडू. या अंकात मला एका गावाचा हिशोब मांडायचाय. गाव माझं आहे, पण हिशोब तुमचाही निघेल. आपल्यातली निम्मी पोरं मुंबईत जन्मली आणि त्यांना गाव म्हंजे आजीच्या तोंडचं एक नाव, एवढंच माहीत असतं. तुमच्या त्या नावापाशीही कुठंतरी एक तुकडा आहे आणि त्याला गिऱ्हाईक आलेलं आहे.

तर राहाता. जिल्हा अहमदनगर. २०२४ पासून सरकारदप्तरी अहिल्यानगर. नगर-मनमाड रस्त्यावर, शिर्डीपासून पाच-सहा किलोमीटर. आधी कोपरगाव तालुक्यातलं एक गाव होतं, १९९९ साली स्वतःच तालुका झालं. नगरपरिषद आहे, बाजार समिती आहे, कांदा-डाळिंबाचे लिलाव आहेत. पेरू नावाजलेला. हंगामात रस्त्याच्या कडेला पाट्या लावून बाया पेरू विकतात. मोटारवाले काच खाली करून भाव पाडतात आणि मग शिर्डीत जाऊन हजाराची चादर चढवतात.

या गावात पैसा चार लाटांनी आला. पाणी, साखर, देव आणि प्लॉट. चारही वेळा आम्ही काठावर होतो. कोरडे नव्हतो, घामानं भिजलेले होतो.

पहिलं पाणी. हा सगळा पट्टा दुष्काळी होता. साहेबानं नाशिककडं दारणा धरण बांधलं, ते १९१६ साली पुरं झालं. नांदूर-मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून गोदावरीचे दोन कालवे निघाले. उजवा आमच्या बाजूनं आला. कोपरगाव-राहात्याच्या काळ्या रानात बागायत उभी राहिली. पुस्तकात याला 'कायापालट' म्हणतात. कुणाची काया पालटली ते पुस्तकात नाय.

कालव्याचा एक नियम नीट समजून घ्या. पाणी माणसाच्या मागं चालत नाही, पाणी जमिनीच्या मागं चालतं. ज्याच्या नावावर एकर, त्याच्या नावावर पाळी. ज्याला एकर नाही त्याला पाणी फक्त खोऱ्यानं वळवता येतं, दुसऱ्याच्या सरीत. माझी आजी आयुष्यभर बागायतदाराच्या मळ्यात रात्रीची बारी देत होती. हातात कंदील, पायाखाली चिखल. कालव्याच्या पाण्याशी तिचं नातं तेवढंच. आज नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा असं पाण्याचं भांडण लागलं की इकडचे पुढारी 'आपलं हक्काचं पाणी' म्हणून गर्जतात. ह्या 'आपलं'मध्ये आजी कुठं बसते ते कुणी सांगितलं नाही.

दुसरी साखर. आधी खाजगी कारखाने आले. आमच्या तालुक्यात पुणतांब्याला चांगदेव, शेजारी हरेगावला बेलापूर कंपनी, टिळकनगर, साकरवाडी. शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं घेऊन त्यांनी मळे उभारले. मग लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी कारखाना काढला. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे अध्यक्ष. १९५०-५१ चा पहिला हंगाम. देशातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना म्हणून त्याचं नाव झालं आणि ते खोटं नाही. खाजगी मालकाच्या नरड्यातून साखर काढून शेतकऱ्याच्या हातात देणं ही लहान गोष्ट नव्हती. ज्याचं श्रेय त्याला द्या.

पण सहकार म्हंजे कुणाकुणाचा सहकार? सभासद कोण, तर ऊस पिकवणारा. ऊस कुणाचा, तर पाणी ज्याचं त्याचा. पाणी कुणाचं, तर जमीन ज्याची त्याची. ही साखळी फिरून फिरून सातबाऱ्यावर येऊन थांबते. खुरपणारी सभासद नाही. बीड-पाथर्डीकडून उचल घेऊन आलेला कोयता, म्हंजे नवरा-बायको मिळून एक कोयता, तोही सभासद नाही. कारखान्यातून शाळा निघाल्या, कॉलेजं निघाली, दवाखाने निघाले, आमदारक्या निघाल्या. आमच्या वाट्याला चिपाडाची कोप आणि पहाटेची थंडी.

१९६१ साली कमाल जमीनधारणेचा कायदा झाला. खाजगी कारखान्यांच्या हजारो एकर जमिनी सरकारनं घेतल्या आणि १९६३ साली शेती महामंडळ काढलं. तेव्हा आमच्या बापजाद्यांना वाटलं, आता सरकार मालक झालं, आता तरी. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ ला देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह उठवला. लाखो माणसं तुरुंगात गेली, बाया पोरं कडेवर घेऊन गेली. मागणी साधी होती: कसायला जमीन द्या. पुढं काय झालं? मूळ खंडकऱ्यांनी लांब लढा दिला आणि २०१२ नंतर त्यांना जमिनी परत मिळू लागल्या. त्यांची होती, त्यांना मिळाली, चांगलं झालं. पण त्याच मळ्यांवर ज्यांच्या पिढ्या राबल्या, ते मजूर घरापुरती जागा मागत राहिले. कायद्याला मालक आठवतो. राबणाऱ्याची आठवण ठेवायला कायद्यात रकाना नाही.

१ जून २०१७ ला पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. दूध रस्त्यावर ओतलं गेलं, राज्य हाललं. कर्जमाफी द्या, हमीभाव द्या. मी त्या संपाच्या विरोधात नाही. शेतकरी नागवला जातोय हे कांद्याची गोणी उचलणाऱ्याला कुणी शिकवू नये. पण ज्याला बँक दारात उभं करत नाही त्याला कर्ज नाही, आणि ज्याला कर्जच नाही त्याला माफी कशाची द्यायची?

तिसरा देव. साईबाबा हयात असताना फार लांब कुठं जात नसत. एका बाजूला निमगाव, दुसऱ्या बाजूला राहाता. राहात्याला खुशालचंद शेठच्या घरी यायचे. राहात्याहून झेंडू, जाई-जुईची रोपं नेऊन त्यांनी शिर्डीच्या पडीक जागेत लावली आणि हातानं पाणी घातलं, असं साईचरित्रात आहे. म्हंजे शिर्डीच्या पहिल्या बागेची रोपं राहात्याची. मशिदीत राहणारा, भीक मागून खाणारा, फाटकी कफनी घालणारा तो माणूस १९१८ च्या दसऱ्याला गेला. १९२२ ला संस्थान झालं. २००९ ला रेल्वे स्टेशन, २०१७ ला काकडीचा विमानतळ, डिसेंबर २०२२ ला नागपूरहून समृद्धी महामार्ग. फकिरानं एवढा पैसा जिवंतपणी बघितला असता तर पळून राहात्याला आला असता!

देवाच्या मागोमाग चौथी लाट आली. प्लॉट. लॉजं, मंगल कार्यालयं, गाळे, 'शिर्डीपासून दहा मिनिटं' असे फलक. गुंठ्याला एकराचा भाव आला. आणि इथं पहिल्यांदाच, मित्रांनो, त्यांना आमची आठवण झाली. कारण महारवाडा गावाच्या वेशीबाहेर होता. वतनाच्या जमिनी गावच्या कडेला, वाटेला, ओढ्याच्या अंगाला. ज्या वेशीबाहेर आम्हाला हाकललं होतं तिथूनच आता डांबरी रस्ता जातो. मनूनं शोधून दिलेली जागा बिल्डरला पसंत पडली.

वतन म्हंजे काय हे तरुण पोरांना माहीत नाही, म्हणून थोडक्यात. गावकीची कामं, सांगावा नेणं, सारा पोचवणं, शिवेचा वाद सांगणं, मेलेलं ढोर ओढणं, या सगळ्याच्या बदल्यात दिलेला जमिनीचा तुकडा आणि दारोदारचा शिळा तुकडा. गुलामीचा पगार. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात या वतनाविरुद्ध बिल मांडलं. कायदा व्हायला १९५८ उजाडलं, आणि १ ऑगस्ट १९५९ पासून वतनं खालसा झाली. जमिनी आमच्याकडं राहिल्या, पण 'नवीन अविभाज्य शर्ती'वर. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २'. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही.

ही शर्त आमचं कुंपण होती. दलालांनी तिलाच आमचा फास केला. त्यांची रीत अशी: पहिल्यांदा म्हणायचं, "ही जमीन वर्ग दोनची, हिला किंमत नाही." किंमत पाडायची. मग विसार द्यायचा, लग्नाच्या किंवा दवाखान्याच्या अडचणीला बरोबर गाठून. कुलमुखत्यारपत्र करून घ्यायचं. ताबा घ्यायचा, तारेचं कुंपण टाकायचं. मग परवानगीचे कागद साहेबाच्या टेबलावरून ते स्वतः फिरवतात. जमीन वर्ग एक होते, किंमत दसपट होते, आणि आपला माणूस त्याच जमिनीवरच्या लॉजमध्ये चादरी बदलायला लागतो. हे एकट्या राहात्यात नाही. २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातल्या महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला. तो उघड झाला म्हणून गाजला. गुंठ्या-गुंठ्यानं जे जातं त्याची बातमी होत नाही.

राजकारणाचं एका ओळीत सांगतो. शिर्डीची खासदारकी २००९ पासून अनुसूचित जातीला राखीव. पाणी, साखर, देव आणि प्लॉट खुल्या गटात.

आणि माणसाची किंमत? सोनई २०१३. खर्डा २०१४. मे २०१५ ला खुद्द शिर्डीत, मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली यावरून एक पोरगा मारला गेला. नर्सिंग शिकत होता. माझ्याच वयाच्या आगेमागे. आमच्या तालुक्याची ओळख लिहिताना समृद्धी, साखर आणि सबका मालिक एक एवढं लिहून थांबणारा माणूस एकतर आंधळा आहे किंवा पगारी.

१९७२ साली पँथर उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेतल्या काळ्या पोरांकडून घेतलं होतं. म्हणून तिकडचंच एक गाव सांगतो. ओक्लाहोमा राज्यात, सपाट माळाच्या मुलखात टल्सा. तेल सापडलं आणि गाव फुगलं, जसं आमचं साखरेनं फुगलं. तिथं ग्रीनवूड नावाची काळ्यांची वस्ती होती. स्वतःची दुकानं, थेटरं, वर्तमानपत्र. ३१ मे आणि १ जून १९२१ ला गोऱ्या जमावानं ती जाळली. पस्तीसेक चौक राख. विमा कंपन्यांनी पैसे नाकारले. वर नगरपालिकेनं नियम काढला की आता इथं लाकडी घर बांधायचं नाही. म्हंजे गरिबानं बांधायचंच नाही, जागा सोडून जायचं. बी. सी. फ्रँकलिन नावाचा काळा वकील तंबू ठोकून बसला. त्या तंबूत त्यानं वकिली केली, कोर्टात गेला आणि तो नियम पाडला. लोकांनी त्याच जागेवर पुन्हा घरं बांधली. पुढं पाऊणशे वर्षं शाळेच्या पुस्तकात त्या जाळपोळीचा धड उल्लेख नव्हता. सरकारी अहवाल आला २००१ ला.

मला यातला तंबू दिसतो. घोषणा सगळ्यांना येतात. राखेत बसून कागद धरणारा माणूस पाहिजे.

म्हणून या अंकाचं सांगणं एवढंच. आपापल्या गावचा उतारा काढा. सातबारा, आठ-अ, जुने फेरफार. १९५९ च्या आधी काय होतं आणि नंतर कुणाच्या नावावर गेलं ते वाचा. कुलमुखत्यारपत्रावर सही करायच्या आधी ते मोठ्यानं वाचा, घरच्या बायांसमोर वाचा, कारण सही मागताना त्यांना कुणी बोलावत नाही. विकायचंच असेल तर किंमत दलालाकडून ऐकू नका. आणि वतनाचा तुकडा गुलामीची खूण आहे म्हणून नको, असं म्हणणाऱ्या शहाण्यांना विचारा, मग तो मालकाला कसा काय चालतो?

आता नानांचं. मी नानांना शत्रू मानत नाही. त्यांच्या डोक्यावर कर्ज आहे, घरात लग्नाची पोर आहे, गुडघे गेलेत. मी फोन करून म्हटलं, "नाना, सही देत नाही. कागद पाठवू नका."

नाना बराच वेळ गप्प. मागं रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता.

मग म्हणाले, "बरं. नको देऊ. पण तू तिकडं बोटीत कांदा भरणार आणि मी इथं तारेचं कुंपण राखणार होय? जमीन ठेवायची तर येऊन राहा की इथं."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. गावाचं नाव राहाता आणि आमची सगळी पिढी जाता. कुणी कल्याणला, कुणी भोसरीला, कुणी गोदीत. ज्यानं गाव सोडलं त्यानं गावच्या जमिनीवर भाषण करू नये, हे नानांचं म्हणणं मला लागलं. ते तुम्हालाही लागावं म्हणून इथं छापतोय.

पुढच्या महिन्यात आठ दिवसांच्या खाड्यावर जातोय. पगार बुडेल. मोजणीचा अर्ज भरायचा, हद्दीचे दगड रोवून घ्यायचे, नानांच्या कर्जाचा आकडा चुलत भावांत वाटून घ्यायचा. तेवढ्यानं राहात्याचा इतिहास बदलत नाही. पण शिवेचे वाद सांगायचं काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडं होतं. दुसऱ्याच्या हद्दी आम्ही राखल्या. एकदा स्वतःची मोजून बघू.

जय भीम.