कामासाठी वेगास, आणि एक मोकळी दुपार



दर जानेवारीत आपल्यापैकी बरेच जण सीईएसच्या निमित्ताने लास वेगासला जातात. तिकीट-हॉटेल कंपनीचं, त्यामुळे घरच्यांना वाटतं स्वारी मजा मारायला चालली! प्रत्यक्षात गळ्यात बॅज अडकवून चार दिवस हॉलमधून पायपीट, आणि रात्री लॉबीतल्या स्लॉट मशीन्सचा किणकिणाट. एवढंच पाहून "काय आहे त्या वेगासमध्ये?" म्हणत परतणारे खूप. त्यांच्यासाठी हे थोडंसं.

संध्याकाळी टॅक्सीच्या रांगेत उभं राहू नका. कन्व्हेन्शन सेंटरलाच मोनोरेलचं स्टेशन आहे. स्ट्रिपवर उतरून बेलाजिओची कारंजी बघा, फुकट आहेत. जुनं वेगास बघायचं तर फ्रीमॉन्ट स्ट्रीट, आणि तिथून जवळच निऑन म्युझियम. पाडलेल्या कॅसिनोंच्या जुन्या पाट्या तिथे जपून ठेवल्यात.

पण परतीचं विमान अर्धा दिवस पुढे ढकलता येत असेल तर गाडी भाड्याने घ्या आणि हूवर धरण गाठा. पाऊण तासाचा रस्ता. वाटेत बोल्डर सिटी लागतं. धरणाच्या कामगारांसाठी १९३१ साली वसवलेलं हे गाव, आणि इथे आजही जुगाराला बंदी आहे. वेगासच्या शेजारी!

धरण २२१ मीटर उंच, म्हणजे आपल्या कोयनेच्या (१०३ मीटर) दुपटीहून जास्त. बांधकाम १९३१ ते १९३६. काँक्रीट घट्ट होताना उष्णता सोडतं, म्हणून ते एकसंध न ओतता ठोकळ्या-ठोकळ्यांनी ओतलं आणि आत नळ्या घालून त्यांतून गार पाणी फिरवलं. कॉम्प्युटर नसताना केलेला हा हिशोब! धरणाच्या मनोऱ्यांवर दोन घड्याळं आहेत, एक नेवाडाचं, एक ऍरिझोनाचं. हिवाळ्यात त्यांत एक तासाचा फरक असतो. वरून पूर्ण धरण बघायचं तर २०१० साली झालेल्या पुलावर चालत जा.

तिथून लेक मीडकडे जरूर बघा. खडकांवर पांढरा पट्टा दिसेल. पूर्वी पाणी तिथपर्यंत असायचं. २०२२ च्या उन्हाळ्यात पातळी १९३७ नंतरची सर्वांत खाली गेली होती. वेगासचं सुमारे ९० टक्के पाणी याच कोलोरॅडो नदीचं, आणि वाटा किती? कॅलिफोर्नियाला वर्षाला ४४ लाख एकर-फूट, ऍरिझोनाला २८ लाख, नेवाडाला फक्त ३ लाख. म्हणून तुमच्या हॉटेलातल्या बेसिनमधलं पाणीसुद्धा शुद्ध करून परत तलावात सोडतात. कन्व्हेन्शन हॉलमध्ये "स्मार्ट" म्हणून जे दाखवतात त्यापेक्षा मला तरी हे जास्त स्मार्ट वाटतं. पाण्याच्या टँकरमागे धावलेल्या आपल्या माणसांना ते चटकन कळेल.

दोन-तीन सूचना: वाळवंट असलं तरी जानेवारीत सकाळी कडक थंडी असते, जाकीट न्या. हॉटेल बुक करताना रिसॉर्ट फी वेगळी लागते का ते बघा, नाहीतर एक्सपेन्स रिपोर्टला बॉस डोळे वटारतो. धरणाऐवजी रेड रॉक कॅन्यनचे लाल डोंगर बघायचे असतील तर ऑक्टोबर ते मे तिथल्या सीनिक ड्राइव्हसाठी वेळ आधी राखून ठेवावी लागते. आणि पिशवीत चिवडा असू द्या, हॉलमधलं सँडविच महाग आणि बेचव.

कोणी जाऊन आलात तर जरूर कळवा. पुढच्या वेळी दुसरं शहर.