गृहविचार : न्हाणीघराच्या भिंतीमागे

घराच्या नूतनीकरणाचा विषय निघाला की हल्ली घरातील तरुण मंडळी एका विशिष्ट टाइलचे छायाचित्र पुढे करतात. पांढरी, चकचकीत, ३ इंच उंच व ६ इंच लांब, आणि विटांच्या बांधकामाप्रमाणे प्रत्येक थर अर्ध्याने सरकवून बसवलेली. हिचे नाव ‘सबवे टाइल’. २७ ऑक्टोबर १९०४ रोजी न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे सुरू झाली, तेव्हा हाइन्स आणि लाफार्ज या वास्तुविशारदांनी स्थानकांच्या भिंतींना अशा टाइल लावल्या. तेथूनच हे नाव आले. भुयारात उजेड कमी, म्हणून प्रकाश परावर्तित करणारा पृष्ठभाग हवा होता, आणि हजारो प्रवाशांच्या वर्दळीत तो सहज धुता यावा अशीही अपेक्षा होती. आज हाच आकार मोरबीच्या मालात कोणत्याही टाइलच्या दुकानात मिळतो. दिसावयास तो निःसंशय सुरेख आहे. मात्र स्थानकाची भिंत अधूनमधून पुसली जाते, तर शॉवरखालची भिंत रोज दोन-चार वेळा भिजते. हा फरक ध्यानात घेऊनच खरेदीस निघावे.

आपल्या जुन्या घरांतील न्हाणीची रचना आठवावी. बादली, तांब्या आणि बसावयास पाट. पाणी उडाले तर गुडघ्याएवढे. म्हणून तीन-चार फुटांपर्यंत टाइल आणि वर साधा गिलावा एवढ्यावर भागत असे. शॉवर आल्यावर पाण्याचा मारा डोक्याच्या वरपासून सुरू झाला. टाइल छतापर्यंत चढली, परंतु तिच्या मागील जलरोधक लेप बहुतेक घरांत जुन्याच हिशेबाने जमिनीपासून फूटभरच राहिला. शॉवरच्या तिन्ही भिंतींना हा लेप नळाच्या तोंडाच्याही वरपर्यंत, म्हणजे सुमारे ७ फुटांपर्यंत हवा.

टाइल लावली की भिंत जलरोधक झाली, असा एक दृढ समज आहे. चकाकी टाइलच्या पुढच्या बाजूस असते. भिंतीच्या सिरॅमिक टाइलचा मागील भाग मातीचा, सच्छिद्र आणि आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहूनही अधिक पाणी शोषणारा असतो. दोन टाइलमधील फट ज्याने भरतात ते ग्राउट साध्या सिमेंटचे असेल, तर तेही पाणी पिते. पाणी सांध्यातून आत जाते, बाहेर येण्यास मार्ग न मिळाल्याने मागे साचते, आणि एखाद्या पावसाळ्यात शेजारच्या शयनगृहाच्या भिंतीवर लोणा फुटतो किंवा खालच्या घराच्या छतावर पिवळा डाग उमटतो. मग गवंडी बोलावून सांध्यांत पांढरे सिमेंट भरले जाते. डाग काही महिने थांबतो आणि पुन्हा दिसू लागतो. खालच्या मजल्यावरचे बंधू जिन्यात भेटले की मान फिरवू लागतात. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार न्हाणीघर व शौचालयातून होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदस्यांनीच करावयाचा असतो. तेव्हा संस्थेकडे बोट दाखवूनही सुटका नाही.

आता थोडा हिशेब मांडू. शॉवरची जागा ३ फूट रुंद, ३ फूट खोल, आणि तिन्ही भिंती ७ फूट उंच धरल्या, तर क्षेत्रफळ ६३ चौरस फूट होते. सबवे टाइल एका चौरस फुटात आठ बसतात, म्हणजे एकूण सुमारे ५०० टाइल. त्याच जागेत १ फूट × २ फुटांच्या टाइल घेतल्या तर ३२ पुरतात. सांध्यांची एकत्रित लांबी पहिल्या प्रकारात सुमारे ३७८ फूट आणि दुसऱ्यात ९५ फुटांच्या आसपास भरते. पाण्याला आत शिरावयास चौपट वाट आणि घासून स्वच्छ करावयासही चौपट रेषा. एवढे जाणूनही ही टाइल हवी असेल तर अवश्य घ्यावी. परंतु मग टाइलच्या दरात घासाघीस करून वाचवलेले चार पैसे भिंतीमागच्या कामात आणि सांध्यांत घालावेत.

कामाचा क्रम असा असावा. भिंतीत दडवलेल्या नळांची दाबचाचणी सर्वांत आधी. नंतर गिलावा ओळंब्यात करून घ्यावा. त्यावर पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या लेपाचे दोन हात. पहिला आडवा मारला तर दुसरा उभा, आणि पहिला वाळल्यावरच दुसरा. कोपरे, जमीन व भिंतीचा सांधा आणि नळांची छिद्रे येथे जाळीची पट्टी लेपात दाबून घ्यावी. गळती बहुधा याच ठिकाणी सुरू होते. जमिनीला नहाणी ट्रॅपकडे फुटाला पाव इंच ढाळ ठेवावा. मग ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी भरावे, पातळीला खूण करावी आणि ते ४८ तास ठेवावे. खालच्या शेजाऱ्यांना आधी कळवून त्यांचे छत स्वतः पाहून यावे. ही चाचणी गाळण्याचा आग्रह कंत्राटदार हमखास धरतो. त्याचे दोन दिवस जातात, परंतु नंतरची तोडफोड आपली होते.

टाइल चिकटविताना आपल्याकडे अद्याप सिमेंटचे पाच गोळे मागे लावून टाइल ठोकण्याची पद्धत दिसते. गोळ्यांमधल्या पोकळीत पाणी साचते, आणि टाइलवर नाण्याने टिचकी मारली की बद्द आवाज येतो. त्याऐवजी भारतीय मानक आयएस १५४७७ चा उल्लेख असलेला चिकट मसाला घ्यावा आणि दातेरी थापीने भिंतीवर सलग पसरावा. ओल्या जागी टाइलचा मागील भाग ९५ टक्के तरी मसाल्याने भरलेला हवा. मधूनच एखादी ताजी टाइल उचलून पाहावी. सिमेंटमध्ये लावावयाच्या टाइल पाण्यात भिजवतात, परंतु या मसाल्यात लावावयाच्या भिजवू नयेत. जुन्या हाताचे गवंडी सवयीने भिजवतात, म्हणून आधी सांगितलेले बरे.

मांडणी कोरडीच करून पाहावी, म्हणजे कोपऱ्यात बोटभर रुंदीचे तुकडे लावण्याची वेळ येत नाही. पहिला थर जमिनीवरून न धरता दुसऱ्या थराखाली सरळ पट्टी ठोकून तेथून वर चढावे, खालचा थर शेवटी कापून बसवावा. सांधे २ मिलिमीटरचे, स्पेसर लावून. हीच चकचकीत टाइल जमिनीवर मुळीच लावू नये; घरात वृद्ध असतील तर विशेषच.

ग्राउट किमान एक दिवसानंतर भरावे. शॉवरच्या तीन भिंती आणि जमीन यांसाठी माझा कौल इपॉक्सी ग्राउटला आहे. ते कित्येक पट महाग पडते, परंतु पाणी शोषत नाही आणि सांध्यांत काळी बुरशी सहसा धरत नाही. बुरशी उगवू न देणे हे उगवल्यावर तिच्यावर द्रव ओतण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर. आपल्या घरांत हे निराळे सांगावयास नको. इपॉक्सी लवकर घट्ट होते, म्हणून थोडे थोडे कालवावे आणि टाइलवरचा थर तत्काळ पुसावा. सिमेंटचे ग्राउट वापरणार असाल तर पाणी मोजून घालावे. सैल कालवलेले ग्राउट भरावयास सोपे जाते, पण वाळल्यावर भुसभुशीत होते आणि रंगही ठिपकेदार येतो. भिंत-भिंत आणि भिंत-जमीन यांच्या कोपऱ्यांत मात्र कोणतेच ग्राउट नको, तेथे सिलिकॉन भरावे. इमारत उन्हापावसात किंचित हलते आणि कडक ग्राउटला तेथे भेग पडते. पुढे सफाईसाठी बाजारी ॲसिडची बाटली घरात आणू नये; ते क्षारांच्या डागांबरोबर सिमेंटचे सांधेही खाते.

मजुरीचा प्रश्न राहिला. चौरस फुटाला मोठ्या टाइलचाच दर लावून लहान टाइल बसवून घेऊ पाहाल, तर गवंड्याला ३२ ऐवजी ५०० टाइल बसवाव्या लागतील आणि तो घाई करील. यात त्याचा दोष नाही. दर वाढवून द्यावा आणि दिवस ठरवून द्यावेत. दिवाळीच्या वहीपूजनापर्यंत सर्व उरकण्याचा हट्ट धरल्यास लेप वाळण्याच्या आतच टाइल चढतात. पावसाळी हवेत लेप आणखी सावकाश वाळतो, तेव्हा हे काम डिसेंबर ते मार्चमध्ये घेणे सोयीचे.

खरेदी करताना सर्व खोकी एकाच बॅचची आहेत हे तपासावे आणि मोजणीपेक्षा दहा टक्के अधिक घ्यावीत. उरलेले खोके परत न करता माळ्यावर ठेवावे व त्याचा बॅच क्रमांक, ग्राउटचा रंग आणि दुकानदाराचे बिल घरखर्चाच्या वहीत चिकटवून ठेवावे.