ऑपरेशन मोफत, पण टाके उसवले तर?

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा वाढून कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांवर गेली. चांगलेच झाले. पण कार्ले, वेहेरगाव, भाजे या पट्ट्यातल्या आपल्या माणसांची खरी परीक्षा ऑपरेशननंतर घरी आल्यावर सुरू होते.

सिझर, गर्भपिशवी, हर्निया, अपेंडिक्स. पोटाचे कोणतेही मोठे ऑपरेशन घ्या. टाके उसवण्याचा धोका साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात सर्वात जास्त असतो. पेशंटला मात्र बऱ्याचदा याच दिवसांत, कधी त्याआधीही, घरी सोडतात. वरून जखम मिटलेली दिसते, पण पहिल्या आठवड्यात तिची ताकद मूळ कातडीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढी असते. तीन महिन्यांनीही ती 80 टक्क्यांच्या आसपासच पोचते.

टाका नीट घातला नाही म्हणून उसवला, असेही होते आणि तिथे जाब विचारलाच पाहिजे. पण जखम पिकणे, शुगर, तंबाखू, जुनाट खोकला, कुंथणे, अंगात रक्त नसणे ही कारणेही तितकीच खरी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे. त्याच सर्वेक्षणात दर चार बाळंतपणांत एक सिझरने झाल्याचे दिसते. हे दोन आकडे एकाच बाईच्या पोटावर भेटतात. वर बंगल्यात फरशी पुसणारी, लॉजच्या चादरी धुणारी, भाताच्या खाचरात वाकणारी बाई किती दिवस घरी बसेल? खाडा म्हणजे रोज बुडाला. मग डॉक्टरांनी ‘जड उचलू नका’ म्हणायचे आणि आठव्या दिवशी तिने हंडा उचलायचा.

विश्रांती हा हक्क आहे, हे बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलताना मांडले होते. 1929 ला मुंबई प्रांतात तो कायदा झाला. 1961 च्या केंद्रीय कायद्याने बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामाला लावायला मनाई केली, नसबंदीनंतर दोन आठवड्यांची पगारी रजा नंतर आली. मात्र हे सगळे हजेरीपटावर नाव असलेल्या बाईसाठी. बंगल्याच्या मालकाकडे कसला हजेरीपट?

योजनेत डिस्चार्जनंतर दहा दिवसांचा पाठपुरावा धरलेला आहे, पण त्यासाठी पेशंटनेच पुन्हा जायचे. ते तळेगाव, पिंपरीचे वायसीएम नाहीतर पुण्याचे ससून असले, तर गाडीभाडे आणि सोबतच्या माणसाचा रोज कोण देणार? सिझर झालेल्या बाईकडे आशाताई सातव्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत पाच फेऱ्या मारतात, त्याही मुळात बाळासाठी. हर्निया किंवा गर्भपिशवीच्या पेशंटकडे तेवढेही कोणी येत नाही. ही फट वरच्या घोषणांत दिसत नाही, वस्तीत दिसते.

म्हणून वस्तीतल्या पोरांनी काही गोष्टी आत्ताच माहीत करून घ्याव्यात. टाक्यांतून अचानक गुलाबीसर पाणी येऊ लागले, तर ‘घाम असेल’ म्हणून सोडू नका. आतले टाके सुटल्याची ती खूण असू शकते. ताप, पू, घाण वास, वाढते दुखणे असेल तरी त्याच दिवशी दाखवा. हळद, राख, मलम काही लावू नका. जखम उघडून आतडे दिसले तर ते हाताने आत ढकलायचे नाही. स्वच्छ ओल्या कपड्याने झाका, गुडघे वाकवून उताणे झोपवा, तोंडाने काही देऊ नका आणि 108 ला फोन करा.

मागणी फार मोठी नाही. ऑपरेशन कुठेही झाले तरी ड्रेसिंग आणि टाक्यांची तपासणी कार्ल्याच्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हावी, डिस्चार्जचा कागद मराठीत मिळावा आणि सुटून आलेल्या प्रत्येक पेशंटकडे आठवड्याच्या आत आरोग्यसेविकेची एक फेरी व्हावी. आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते. तिची बैठक कधी होते, तिथे आपल्या वस्तीतले कोण बसते, एवढे विचारायला या आठवड्यात दोघे-तिघे गेले तरी चालेल.