निरंक आणि अप्राप्त

अलीकडे आपल्या सभासदांपैकीं पुष्कळ बागाइतदारांनीं, विशेषेंकरून द्राक्षें व डाळिंबें करणारांनीं, आपल्या मळ्यांत खाजगी हवामानयंत्रें उभीं केलीं आहेत. पाऊस, उष्णमान, आर्द्रता व वारा यांचे आंकडे घरबसल्या मोबाइलवर दिसूं लागले, ही गोष्ट निःसंशय इष्ट आहे. परंतु यंत्र घेणारांचीं दोन टोकें झालेलीं दिसतात. कोणी त्याचा आंकडा ब्रह्मवाक्य मानून त्यावर फवारणी ठरवितो. कोणी दोन वेळां आंकडा चुकलेला पाहून "यंत्र बिघडलें" म्हणतो व तें अडगळींत टाकतो. ज्या आंकड्याची पडताळणी झाली नाहीं त्यावर हुकूम काढूं नये, आणि पडताळणीवांचून त्यास खोटाही ठरवूं नये, हा महसुली दप्तराचा साधा नियम येथेंही लागू करावा, असें माझें मत आहे.

ज्यांनीं तहसील कचेरींत पर्जन्यमानाचीं पत्रकें तयार केलीं आहेत, त्यांस 'निरंक' व 'अप्राप्त' यांतील भेद सांगावा लागत नाहीं. पाऊस पडला नाहीं तर निरंक. माहिती आलीच नाहीं तर अप्राप्त. यंत्रास हा भेद पुष्कळदां कळत नाहीं, आणि माझ्या मतें त्याचा सर्वांत घातक दोष हाच. नरसाळ्यांत पान अडकलें किंवा कोळ्यानें जाळें विणलें, म्हणजे आंतील डोलती वाटी हालत नाहीं, व यंत्र इमानें इतबारें शून्य पाठवीत राहतें. धो धो पाऊस पडून गेला तरी शून्यच! तेंच तुंबलेलें पाणी दुसऱ्या दिवशीं थेंब थेंब झिरपलें, कीं आकाश निरभ्र असतां पाऊस नोंदला जातो. पावसाळ्यांत ऊन नसल्यानें बॅटरी उतरली तर रात्रीच्या नोंदी गळतात, आणि बेरीज करतांना हा खंड शून्यच धरला जातो. ऑक्टोबर छाटणीनंतर कोंवळ्या फुटीवर असा एक पाऊस पडून गेला तर केवड्यास तेवढा ओलावा पुरे होतो. अशा वेळीं खोट्या शून्यावर विसंबून फवारणी टाळणाराचें वर्षाचें पीक हातचें जातें, आणि दोष मात्र औषधाच्या दुकानदारास दिला जातो.

यास उपाय एकच, व तो स्वस्त आहे. यंत्राशेजारीं एक साधें हाताचें पर्जन्यमापक ठेवावें. त्याचा कांठ जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच असावा, आणि झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर तें असावें. रोज सकाळीं साडेआठ वाजतां पाणी मोजून वहींत लिहावें; सरकारी पर्जन्याचा दिवसही याच वेळीं संपतो. एका दिवसाच्या थोड्या फरकानें गडबडून जाऊं नये. जोराच्या पावसांत वाटी उलटते त्या क्षणीं कांहीं पाणी निसटतें, म्हणून यंत्र थोडें कमी दाखवितेंच. महिन्याची बेरीज सतत एकाच बाजूस झुकली तर मात्र तपासावें. नरसाळ्याचें तोंड १६ सेंटिमीटर व्यासाचें असेल तर त्याचें क्षेत्रफळ सुमारें २०० चौरस सेंटिमीटर होतें. त्यांत २०० मिलिलिटर पाणी अर्ध्या-पाऊण तासांत हळूहळू ठिबकूं दिलें, कीं १० मिलिमीटर पाऊस दिसला पाहिजे. तसा न दिसल्यास वाटी स्वच्छ करावी आणि यंत्र पाणसळींत आहे कीं नाहीं तें पाहावें. खांब वाऱ्यानें हालत असेल तर वाटी विनाकारण उलटते, हेंही ध्यानांत असावें. (चांचणीचे १० मिलिमीटर त्या दिवसाच्या बेरजेंतून वजा करण्यास विसरूं नये.)

उष्णमानाच्या तक्रारींत यंत्र बहुधा निर्दोष असतें. जागा सदोष असते. पत्र्याच्या छपरावर बसविलेला सेन्सर पत्र्याचें उष्णमान सांगतो, हवेचें नव्हे. स्कॉटलंडांत दीपगृहें बांधणाऱ्या थॉमस स्टीव्हन्सन यानें १८६४ सालीं झडपांच्या पांढऱ्या पेटीची रचना पुढें आणली, ती याचसाठीं: वारा खेळावा, ऊन लागूं नये. यंत्रावरील पांढऱ्या थाळ्या धुळीनें मळल्या तर त्या धुवाव्या. आर्द्रतेचा सेन्सर फवाऱ्याच्या कक्षेंत असल्यास औषधाचा थर बसून बिघडतो. तो सुटा होत असेल तर मीठ लगद्यासारखें ओलें करून एका घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावें, व मिठास न लागेल अशा बेतानें सेन्सर आंत रात्रभर ठेवावा. आंकडा ७५ च्या आसपास आला पाहिजे. वायुभार कमी दिसतो ही तक्रार तर बहुतेकदां निरर्थक असते. गांव समुद्रसपाटीपासून साडेपांचशें मीटर उंच असेल तर तेथील प्रत्यक्ष भार ६० मिलिबारांच्या आसपास कमी असणारच. यंत्रांत उंची भरली कीं प्रश्न मिटतो.

आतां विम्याविषयीं. आपल्या यंत्रांत ८० मिलिमीटर व मंडलाच्या केंद्रावर ४० असें दिसलें, कीं कोणीतरी लबाड आहे असें लोक धरून चालतात. वळवाचा पाऊस बैलाचें एक शिंग भिजवून दुसरें कोरडें ठेवील असा असतो. केंद्र कांहीं मैलांवर असेल तर दोन्ही आंकडे खरे असूं शकतात. अतिवृष्टीची ६५ मिलिमीटरांची मर्यादा काय किंवा हवामानाधारित फळपीक विमा काय, हिशोब नेमलेल्या केंद्रावरच होतो. आपल्या मळ्यांतील आंकड्यावर नुकसानभरपाई मिळत नाहीं. मात्र केंद्राच्या नरसाळ्यांतही कोळी जाळें विणूं शकतो. एका गांवच्या पांच शेतकऱ्यांनीं हाताच्या मापकावर रोजच्या रोज लिहिलेल्या, तारीखवार व खाडाखोड नसलेल्या वह्या एकत्र नेऊन केंद्राच्या तपासणीची मागणी केली, तर ती बाजूस सारणें अधिकाऱ्यास अवघड जातें. नुसता मोबाइल उंचावून केलेली आरडाओरड कचेरींत कोणी दप्तरीं लावीत नाहीं.

म्हणून संघास माझी विनंती आहे कीं, नवीं यंत्रें घेण्यास उत्तेजन देण्यापूर्वीं प्रत्येक गांवीं निदान पांच हाताचीं पर्जन्यमापकें पुढील मृगापूर्वीं पोंचवावीं, व नोंदवहीचा एक नमुना या मासिकांत छापावा. त्यांत 'निरंक' व 'अप्राप्त' असे दोन स्वतंत्र रकाने असावे.