नाबार्डचा आराखडा आणि आमच्या शेतांतील भांडवल

राष्ट्राची संपत्ति वाढावी म्हणून सरकार ज्या संस्था स्थापन करितें, त्यांचे आराखडे शेतकऱ्यानें वाचण्याचें कारण काय, असें आमचे पुष्कळ बंधु विचारतात. असले कागद बँकांच्या कपाटांसाठींच लिहिलेले असतात, असा त्यांचा समज आहे. हा समज आम्हांस महाग पडत आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

राष्ट्रीय कृषि व ग्रामीण विकास बँक, जिला आपण सर्व नाबार्ड या नांवानें ओळखतों, ती दर वर्षीं प्रत्येक जिल्ह्यासाठीं एक संभाव्य वित्तपुरवठा आराखडा तयार करिते. जिल्ह्यांत पाणी किती, विहिरींस वाव कोठें, फळबागा, दुभतीं जनावरें, गोदामें व प्रक्रियेचे उद्योग किती वाढूं शकतील, आणि त्यांस किती कर्ज लागेल, याचा अंदाज त्यांत बांधलेला असतो. त्याच्या आधारें अग्रणी बँक जिल्ह्याचा वार्षिक पतआराखडा ठरविते, व कोणत्या बँकेनें किती कर्ज वांटावें हें त्यांतून निघतें. देशाच्या अर्थवृद्धीचा जो वांटा आपल्या बांधापर्यंत यावयाचा, तो प्रथम या कागदावर येतो. तेथें जें लिहिलेलें नाहीं, तें पुढें बँकेच्या दारांत मागणें जड जातें.

ही व्यवस्था एका दिवसांत झालेली नाहीं. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कर्जानें गांजलेल्या कुणब्यांनीं सावकारांच्या वह्या व रोखे जाळले. त्यानंतर १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, १८८३ व १८८४ चे तगाईचे कायदे आणि १९०४ चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा असे उपाय क्रमानें झाले. तरीही १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणींत असें आढळून आलें कीं, शेतकऱ्याच्या एकंदर कर्जापैकीं सहकारी संस्थांकडून येणारा भाग शेंकडा ३ च्या आसपासच होता. पुढें १९६३ सालीं शेतीकर्जास पुनर्वित्त देणारें महामंडळ निघालें, आणि शिवरामन समितीच्या शिफारशीवरून १२ जुलै १९८२ रोजीं नाबार्ड अस्तित्वांत आली. त्या महामंडळाचें काम व रिझर्व्ह बँकेकडील शेतीकर्जाचें काम तिजकडे सोंपविण्यांत आलें. नाबार्ड सामान्यतः शेतकऱ्यास स्वतः कर्ज देत नाहीं. जी बँक तें देते तिला ती पुनर्वित्त पुरविते.

तिच्या कार्याचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. बँकांनीं आपल्या कर्जाचा शेंकडा १८ भाग शेतीस द्यावा असा नियम आहे. ज्या बँका तो पुरा करीत नाहींत, त्यांच्या तुटीच्या रकमेंतून १९९५-९६ सालीं २,००० कोटी रुपयांचा ग्रामीण पायाभूत सुविधा निधि नाबार्डमध्यें सुरू झाला, व त्याच्या कर्जावर राज्य सरकारांनीं रस्ते, पूल व पाटबंधारे बांधले. २०१४-१५ सालीं दीर्घ मुदतीच्या कर्जासाठीं ५,००० कोटींचा निराळा निधिही योजण्यांत आला.

आमची तक्रार निराळी आहे. आराखड्याचें यश वांटलेल्या कर्जाच्या रकमेवरून मोजलें जातें, आणि ती रक्कम वाढली म्हणजे शेतींत भांडवल वाढलें असें गृहीत धरण्यांत येतें. वस्तुस्थिति कशी असते, हें सोसायटीच्या प्रत्येक सभासदास ठाऊक आहे. मार्च महिना सरत आला कीं, शेतकरी कोणा नातेवाइकाकडून वा व्यापाऱ्याकडून थोड्या दिवसांच्या बोलीनें रक्कम उचलतो, जुनें पीककर्ज भरतो, आणि नवें कर्ज हातीं पडतांच ती उसनवारी परत करितो. यासच आपण नवें-जुनें करणें म्हणतों. वसुलीच्या रकान्यांत वसूल दिसतो, वांटपाच्या रकान्यांत नवें वांटप दिसतें. शेतांत मात्र एक नवा रुपयाही आलेला नसतो. यांत शेतकऱ्यास सर्वस्वीं दोष देतां येत नाहीं. वेळेवर फेड दाखविली तर केंद्र व राज्य सरकारच्या सवलती मिळून व्याजाचा भार पुष्कळ हलका होतो. ती सवलत तो कां सोडील? दोष आहे तो अशा वांटपास प्रगति समजणाऱ्या हिशेबाचा.

पीककर्ज हें हंगामाचें कर्ज आहे. बीं, खत व मजुरी यांत तें जातें व सुगीबरोबर संपतें. तें पाहिजेच, त्यावांचून पेरणी होणार नाहीं. परंतु त्यानें शेतकरी आहे तेथेंच उभा राहतो. त्याला पुढें नेणारें कर्ज म्हणजे विहिरीचें, ठिबकाचें, गोठ्याचें व गोदामाचें. गोदामाचेंच उदाहरण घ्या. सोयाबीन सुगीच्या ऐन गर्दींत विकणें भाग पडतें, कारण माल ठेवावयास जागा नसते आणि घेणेकरी दारांत उभा असतो. गांवांत सोसायटीचें चांगलें गोदाम असेल, तर माल तारण ठेवून नड भागवितां येते, व विक्री आपल्या सोयीनें करितां येते. अशा कामांसाठींच २०२० सालीं केंद्र सरकारनें १ लाख कोटींचा कृषि पायाभूत सुविधा निधि जाहीर केला. त्यांतील २ कोटींपर्यंतच्या कर्जास ७ वर्षेंपर्यंत शेंकडा ३ व्याजसवलत ठेविली असून प्राथमिक सोसायट्यांसही तो खुला केला आहे. आपल्या तालुक्यांतील किती सोसायट्यांनीं त्याची मागणी केली, हें प्रत्येकानें आपल्या मनाशीं विचारावें.

महाराष्ट्रांत दीर्घ मुदतीच्या कर्जाची वाट विशेष अरुंद झाली आहे. ज्या भूविकास बँकांच्या कर्जावर आपल्या वडीलधाऱ्यांनीं विहिरी खणल्या, त्या बँका बंद करण्याचा निर्णय राज्य सरकारनें २०१५ सालीं घेतला. येथें बँकांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांचें म्हणणें असें कीं, मुदतीचें कर्ज थकतें, आणि २००८, २०१७ व २०१९ च्या कर्जमाफ्यांनंतर नियमानें फेडणाराही हात आंखडून वाट पाहूं लागतो. हें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. ऐपत असून कर्ज थकविणारे आपल्यांतही आहेत, व त्यांच्यामुळें शेजाऱ्याची पत जाते, हें आम्हीं स्वतःशीं कबूल केलें पाहिजे. परंतु पाऊस दगा देतो त्या वर्षींही हप्ता तेवढाच ठेविला, तर प्रामाणिक माणूसही थकबाकीदार ठरतो. यावर उपाय मुदतीचें कर्ज आंखडण्याचा नव्हे, हप्त्याची सांगड पिकाच्या उत्पन्नाशीं घालण्याचा आहे.

म्हणून आम्ही तीन गोष्टी सुचवितों. पहिली, जिल्ह्याच्या वांटपाचे आंकडे प्रसिद्ध करितांना खरोखर नवें कर्ज किती व नवें-जुनें केलेलें किती, हें निरनिराळें दाखवावें. दुसरी, आराखड्याच्या यशाचें माप रुपयांबरोबर कामांतही सांगावें. विहिरी किती झाल्या, ठिबकाखालीं क्षेत्र किती आलें, गोदामें किती उभीं राहिलीं, हें लोकांस कळूं द्यावें. तिसरी गोष्ट आपल्याच हातची आहे. आराखडा वर्ष सुरू होण्यापूर्वींच तयार होतो. तेव्हां प्रत्येक गांवच्या सोसायटीनें पावसाळ्यांतच सभा भरवून आपल्या गांवास कोणतें काम व किती कर्ज पाहिजे याची यादी करावी, आणि ती नाबार्डच्या जिल्हा विकास व्यवस्थापकांकडे व अग्रणी बँकेकडे लेखी पाठवून पोंच घ्यावी.

राष्ट्राची अर्थवृद्धि मुंबईंतील कचेरींत लिहिली गेली, तरी ती घडावयाची शेतांतच. तेथें काय पाहिजे हें आम्हांवांचून कोण सांगणार? या वर्षीं आपल्या सोसायटीच्या सभेंत हा विषय निघाला नाहीं, तर पुढील मार्चांत आपण पुनः नवें-जुनें करीत बसूं, आणि कागदावर मात्र आपली प्रगति झालेली असेल.