विशेषणाची जात

मंगळवार पेठेत, खासबागेच्या मैदानालगत राहणाऱ्या मराठीच्या अध्यापकाने क्रीडालेखन समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवावे, हा करंटेपणाच म्हटला पाहिजे. तो मीही अनेक वर्षे केला. वृत्तपत्राच्या शेवटच्या पानावरील गद्य ‘संहिता’ या संज्ञेस पात्र नाही, असे आपण गृहीतच धरले आहे. वस्तुतः खेळाडूची जात, धर्म वा वंश लोकमानसात कोणत्या रूपाने रुजतो, हे पुष्कळदा त्याच पानावर ठरते. आणि ते लेखकाच्या उदार भूमिकेतून नव्हे, त्याच्या वाक्यरचनेतून ठरते.

पालवणकर बाळूंचेच पाहावे. चांभार कुटुंबातील या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना मात्र त्यांना चहा पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यातून दिला जाई. (कोल्हापुरात गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात शाहू महाराज मुद्दाम चहा घेत, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.) चौरंगी सामन्यांत हिंदूंच्या कर्णधारपदी बाळूंची नेमणूक कधीच झाली नाही, तो मान १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाला.

‘अस्पृश्य असूनही थोर गोलंदाज’ या वाक्यातील ‘असूनही’ने जात ही खेळाडूची उणीव ठरते. ‘खेळाला जात नसते’ हे वाक्य तर तो चहाच पुसून टाकते. त्याऐवजी ‘ज्यांना बाळूंनी टाकलेल्या चेंडूचा विटाळ होत नव्हता, त्यांनी त्यांचा चहा बाहेर ठेवला’ असे लिहिले, की कर्ता बदलतो आणि उत्तर देण्याची पाळी संघावर येते. जातीचा उल्लेख केल्याने जात टिकते, असा आक्षेप यावर घेतला जातो. पण उल्लेख कोणाच्या जातीचा, आणि वाक्यात कोणत्या जागी, हा प्रश्न आक्षेपक विचारीतच नाहीत.

विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ १९४८ साली मराठीत प्रसिद्ध झाले. रामचंद्र गुहांनी ते वाचून २००२ साली या बंधूंचा इतिहास इंग्रजीत मांडला. आत्मचरित्रावर व्याख्याने देणाऱ्या आम्हांला मात्र त्याची गरज भासली नाही.

आमच्या कुस्तीच्या बोलीत याहून वेगळा एक संकेत पूर्वापार आहे. शाहू महाराजांच्या काळापासून पंजाबातील मल्ल येथे येत राहिले. आणि येथे मल्लाची ओळख सांगताना ‘अमक्या तालमीचा, अमक्या वस्तादाचा पठ्ठा’ असे म्हणतात. ही ओळख जन्माची नव्हे, मेहनतीची. त्या संकेताने जात झाकलीही जाते, हे मान्यच. तरीही अलीकडे पेठेच्या फुटबॉल संघांतून नायजेरियाचे खेळाडू उतरू लागले, तेव्हा तो त्यांना का लागू झाला नाही? शाहू स्टेडियमवर गोल करणारा गावचा पोरगा तालमीचा ठरतो. तीच जर्सी घातलेला दुसरा, गोल केल्यावरही, ‘नायजेरियन’च राहतो.